बाटली भरलेली, रेडिएटर कोरडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की बोरघाटात बॉनेट उघडून कडेला उभ्या केलेल्या गाड्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत हमखास येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून माझी सारी नोकरी झाली असल्यामुळे अशा छायाचित्रात माझी नजर घामाघूम प्रवाशांआधी बॉनेटच्या आत जाते, आणि गाडी जुनी असेल तर तिथे पुष्कळदा तारेने आवळलेली शीतपेयाची रिकामी बाटली दिसते. रेडिएटरमधून उतू येणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ग्लायकॉल या रसायनाचे मिश्रण) झेलण्यासाठी कंपनीने दिलेली बाटली तडकली, किंवा गाडीला तशी बाटली मुळातच नव्हती, की गॅरेजमध्ये हा तोडगा काढला जातो. तोडगा काढण्याला माझा विरोध नाही. बाजारातून आणून स्वतः बसवलेली बाटली उत्तम काम देते, माझ्या गाडीत ती गेली सहा वर्षे देत आहे. मात्र कोणती बाटली घ्यायची, ती कुठे बसवायची आणि तिच्यातली नळी कुठपर्यंत उतरवायची याचा विचार न करता केलेले काम मालकाला गाफील ठेवते. ते किती महागात पडते हे आमच्या घरातच पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझ्या मेव्हण्यांची मारुती ८०० बंद पडली. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, वाकडे झाले होते आणि त्याखालचा सांधा बंद ठेवणारे हेडगास्केट जळले होते. मेव्हणे काळजी घेणारे गृहस्थ आहेत. निघण्यापूर्वी त्यांनी कूलंटची बाटली पाहिली होती आणि ती वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. घाटात गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडले, तर आत बोट बुडेल इतकेही पाणी दिसेना, आणि बाटली मात्र तशीच भरलेली. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजने मूळची फुटलेली बाटली काढून दुसरी बसवून दिली होती. त्या बाटलीच्या तोंडातून नळी जेमतेम दोन बोटे आत सोडलेली होती, म्हणजे तिचे टोक पाण्याच्या वर, हवेत लोंबत होते. इकडे वॉटरपंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळती चालू होती. नळीचे टोक पाण्यात असते तर ती गळती बाटलीतून भरून निघाली असती, बाटलीतली पातळी दिवसेंदिवस खाली गेली असती आणि मेव्हण्यांना वेळीच सुगावा लागला असता. प्रत्यक्षात इंजिन थंड होताना रेडिएटरने पाण्याऐवजी हवा ओढून घेतली, रोज थोडी थोडी, आणि बाटली जशीच्या तशी राहिली. तापमानाचा काटाही शेवटपर्यंत मध्यावर होता, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरे तापमान सांगतो. भोवती नुसती हवा किंवा वाफ असेल तर तो कमीच दाखवतो.

या बाटलीचे काम नीट समजायचे तर आधी रेडिएटरचे झाकण पाहावे लागते. ते डब्याच्या झाकणासारखे नुसते बंद करणारे नसते. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगने दाबलेली असते आणि आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय ती उघडत नाही. घरातल्या कुकरच्या शिटीचे वजन हेच काम करते. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, पण रेडिएटरला ०.९ बार दाबाचे झाकण असेल तर समुद्रसपाटीला तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे ग्लायकॉल मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. दुसरी झडप मोठीच्या पोटात, मधोमध असते, नखाएवढी. इंजिन थंड होऊन आतले पाणी आकसले, की आत किंचित निर्वात पोकळी तयार होते आणि ही छोटी झडप उघडून बाहेर गेलेले कूलंट परत आत घेते. मोठ्या झडपेची माहिती बहुतेकांना असते. छोटीची आठवण फार थोड्यांना राहते, आणि बाटलीची निवड व जागा दोन्ही ठरतात त्या छोट्या झडपेच्या सोयीने.

इथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांतली कूलंटची बाटली एकाच जातीची नसते. मारुती ८०० सारख्या गाडीत दाबाचे झाकण रेडिएटरवर असते आणि बाटली साधी, हवेला मोकळी असते. नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत रेडिएटरवर झाकणच नसते. जाड प्लास्टिकची टाकी हीच दाबाखाली असते, तिचे झाकण आट्यांचे असून त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो, आणि इंजिनातली हवा तिथे जमावी म्हणून ती टाकी संपूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच ठिकाणी असावी लागते. ही दुसऱ्या जातीची टाकी फुटली तर तिच्या जागी कुठलीही बाटली चालत नाही, मूळची टाकीच आणावी लागते. भंगार बाजारातली दुसऱ्या गाडीची टाकी बसवून दिल्याची आणि महिनाभरात तिचा सांधा उकलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. हातात टाकी घेऊन दुकानात जाण्यापूर्वी दाबाचे झाकण कुठे आहे एवढे पाहिले, तरी अर्धे प्रश्न सुटतात. यापुढे मी जे लिहीत आहे, ते पहिल्या जातीच्या, हवेला मोकळ्या बाटलीबद्दल आहे.

माझ्याकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ फियाट ११०० डी असलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. माझ्या हाती ही गाडी आली तेव्हा तिला अशी बाटली नव्हती. रेडिएटरच्या तोंडाजवळून निघालेली बारीक नळी सरळ जमिनीकडे सोडलेली होती. जास्तीचे पाणी रस्त्यावर सांडायचे आणि सकाळी वरून तांब्याभर पाणी ओतायचे, अशी जुनी रीत. साध्या पाण्याच्या काळात त्यात काही बिघडत नव्हते. आता आपण लिटरमागे पैसे मोजून कूलंट घालतो, आणि ते रस्त्यावर सांडणे परवडतही नाही व योग्यही नाही. म्हणून मी बाटली बसवायचे ठरवले.

पहिला प्रश्न मापाचा. रेडिएटर आणि इंजिन पूर्ण रिकामे करून मापाने भरले, तेव्हा माझ्या गाडीत साडेचार लिटरच्या आसपास मिश्रण मावले. ३० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापताना साधे पाणी सुमारे साडेतीन टक्के फुगते आणि पाणी-ग्लायकॉलचे समसमान मिश्रण चार टक्क्यांहून थोडे अधिक. म्हणजे माझ्या गाडीत रोज पावणेदोनशे ते दोनशे मिलिलिटर कूलंट बाटलीत जाणार आणि रात्रीतून परत येणार. याखेरीज थंड अवस्थेतही नळीचे टोक बुडून राहील इतके, म्हणजे तीनेकशे मिलिलिटर, तळाशी कायम हवे. या दोहोंची बेरीज पाचशे. तरीही मी एक लिटरची बाटली घेतली, कारण घाट चढून ढाब्यावर थांबलो आणि इंजिन बंद केले, की पंप थांबतो, पण इंजिनातल्या लोखंडाची उष्णता पाण्यात उतरतच राहते, आणि गाडी उभी असताना पाणी चालत्या गाडीपेक्षा जास्त तापते. ‘चालताना ठीक होती, थांबल्यावर पाणी ओकली’ अशी तक्रार घेऊन लोक येत, ती याच कारणाने. त्या वेळच्या उसळीला निम्मी बाटली मोकळी हवी. अर्धा लिटरची बाटली आटोपशीर दिसते खरी, पण पहिल्याच कडक उन्हात तिचे पोट भरते.

दुसरा प्रश्न बाटली कशाची असावी हा. पिण्याच्या पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि ते सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. ज्याने कधी अशा बाटलीत गरम पाणी भरले असेल, त्याने ती डोळ्यांदेखत आक्रसताना पाहिली असेल. रेडिएटरमधून येणारे कूलंट त्याहून गरम असते. काच फोडण्याची किंवा फुटण्याची वस्तू आहे, धक्के खाणाऱ्या गाडीत तिला जागा नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर अजिबात नको, कारण कूलंटची जस्ताशी प्रक्रिया होते आणि तळाशी पांढरट गाळ बसतो. हौशी तरुण मंडळी हल्ली ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा वेल्डिंग करून घेतात. डबा मजबूत असतो, दिसतोही छान, पण बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी नसेल तर तो आंधळा असतो, आणि मेव्हण्यांच्या गाडीत पातळी दिसूनही जे झाले ते इथे न दिसता होईल. माझ्या अनुभवात सर्वांत चांगली आणि स्वस्त निवड म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाडीची कंपनीनेच बनवलेली, दुधाळ रंगाची कूलंटची बाटली. ती उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची असते, तिला बसवण्याचे कान असतात, झाकणाला हवा येण्याजाण्याचे छिद्र असते आणि मुख्य म्हणजे तळापर्यंत जाणारी नळी आतच दिलेली असते. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला अशा बाटल्या सहज मिळतात. घेताना एवढेच पाहावे, की दुकानदार काच धुण्याच्या पाण्याची बाटली तर देत नाही ना; दिसायला दोन्ही सारख्या, पण ती उष्णतेसाठी केलेली नसते, आणि तिच्या बुडाशी छोट्या मोटरसाठी भोकही असते.

जागेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बाटली रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असलीच पाहिजे, नाहीतर पाणी परत कसे चढणार, असे पुष्कळ जण मानतात. हा नियम दाबाच्या टाकीचा आहे. मोकळ्या बाटलीतून पाणी निर्वात पोकळीने ओढले जाते, आणि वीत-दीड वीत वर पाणी ओढायला फार थोडी पोकळी पुरते. झाकणाच्या पातळीला किंवा किंचित खाली बाटली असणे उत्तम. फार खाली, बंपरच्या मागे वगैरे बसवली तर नळी लांबते, सांधे वाढतात आणि पातळी पाहायला गुडघे टेकावे लागतात, म्हणजेच कोणी पाहत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळांच्या, शेजारी किंवा वर बाटली कधीही असू नये. उष्णतेने ती वितळेल ही एक भीती. दुसरी अशी, की सांडलेल्या कूलंटमधले पाणी उडून गेले की मागे उरलेले ग्लायकॉल तापलेल्या लोखंडावर पेट घेऊ शकते. डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) आणि बॅटरी यांच्या वरची जागाही टाळावी, पंख्यापासून हातभर अंतर असावे आणि बॉनेट बंद करताना झाकण चेपत नाही ना, हे चिखलाचा किंवा कणकेचा गोळा झाकणावर ठेवून एकदा पाहावे. मी रेडिएटरच्या शेजारी, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला एक इंची लोखंडी पट्टीचा कंस बोल्टने बसवला आणि बाटली घासून झिजू नये म्हणून पट्टीला आतून सायकलची जुनी ट्यूब लावली. तारेने बांधलेली बाटली दोन महिन्यांत तारेच्या ठिकाणीच कापली जाते.

नळीसाठी बागेचा किंवा बांधकामावरचा पारदर्शक लेव्हल पाइप वापरू नये, तो पहिल्या उन्हाळ्यात कडक होतो आणि दुसऱ्यात तडकतो. पेट्रोलसाठीचा रबरी होज पाइप, रेडिएटरच्या तोटीवर घट्ट बसेल त्या मापाचा, चांगला टिकतो. दोन्ही टोकांना क्लिप हवी, रेडिएटरकडच्या टोकाला तर हवीच, कारण तिथून कूलंट गळले नाही तरी हवा शिरू शकते. बाटलीतले टोक तळापासून सुमारे एक सेंटिमीटर वर ठेवावे आणि तिरपे कापावे. सरळ कापलेले टोक तळाला चिकटले तर ओढ लागूनही पाणी येत नाही, आणि मग रेडिएटरचा वरचा जाड होज सकाळी पिचकलेला दिसतो. बाटलीच्या झाकणाचे छिद्र बुजले तरी हेच होते. गळती थांबवायची म्हणून ते छिद्र एम-सीलने बंद केलेली एक बाटली मी पाहिली आहे.

एवढे सगळे करूनही माझी बाटली पहिले तीन रविवार चालली नाही, हे कबूल केले पाहिजे. गाडी फिरवून आणली की बाटलीत कूलंट येई, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच असे. नळी तपासली, क्लिपा बदलल्या, टोक पुन्हा कापले. आयुष्यभर मुलांना शिकवलेली गोष्ट मला चौथ्या रविवारी झाकण हातात फिरवताना सुचली. रस्त्यावर पाणी सांडू देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या झाकणाला खालच्या बाजूला, झडपेपाशी एकच रबरी वायसर असते. बाटलीच्या पद्धतीत झाकणाच्या वरच्या कडेलाही रेडिएटरच्या तोंडावर बसणारे दुसरे वायसर लागते, नाहीतर इंजिन थंड होताना नळीतून पाणी ओढण्याऐवजी झाकणाच्या कडेनेच हवा आत शिरते. दोन वायसरचे, पण दाब मूळच्या झाकणाएवढाच असलेले झाकण शोधायला मला बाटलीपेक्षा जास्त वेळ लागला. दुकानदार जास्त दाबाचे झाकण ‘भारी’ म्हणून पुढे करत होता. चाळीस वर्षांच्या, सांध्यांना डाग (सोल्डर) दिलेल्या रेडिएटरवर ते बसवले असते, तर पाणी उशिरा उकळले असते, पण रेडिएटरचे डाग त्याआधी सुटले असते.

बाटली काम करते की नाही हे पाहायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. सकाळी थंड गाडीत पातळीपाशी खडूने खूण करावी, तासभर गाडी चालवून आल्यावर दुसरी, आणि दुसऱ्या सकाळी पातळी पुन्हा पहिल्या खुणेवर आली का ते पाहावे. वर गेलेली पातळी खाली येत नसेल तर हवा शिरते आहे. दोन्ही खुणा आठवड्यागणिक खाली सरकत असतील तर कुठेतरी गळती आहे. इंजिन चालू असताना बाटलीत एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू हेडगास्केटमधून पाण्यात येतो आहे असे समजून गाडी घाटात नेऊ नये. आणि पंधरवड्यातून एकदा, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, रेडिएटरचे झाकण काढून आत तोंडापर्यंत पाणी आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. गरम गाडीचे झाकण उघडल्याने चेहरा आणि हात भाजलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून ‘थंड झाल्यावर’ हे शब्द मी वर्गातही दोनदा उच्चारत असे.

शीतपेयाच्या बाटलीविरुद्ध आणखी एक कारण आहे, आणि ते मला इतर सगळ्यांहून गंभीर वाटते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते. बाजारातले कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे, म्हणजे हुबेहूब सरबताच्या रंगांचे मिळते. ओळखीचे लेबल असलेल्या बाटलीत ते भरून गाडीत किंवा गॅरेजच्या फळीवर ठेवले, तर लहान मुलाने ते तोंडाला लावणे अशक्य नाही. शंभर मिलिलिटरच्या आसपास पोटात गेले तर मोठ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो, आणि मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत नेमके काय झाले आहे हे कित्येकदा लक्षातही येत नाही. गाडीखाली सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे मरतात ती याच विषाने. आमच्या सोसायटीच्या वाहनतळात मांजरे गाडीखालीच झोपतात, तेव्हा बाटली ओसंडून खाली डबके होणार नाही इतकी मोठी असणे हा माझ्या दृष्टीने केवळ गाडीचा प्रश्न उरत नाही. सांडलेच, तर त्यावर भरपूर पाणी ओतून ते गटारात ढकलण्याऐवजी आधी चिंध्यांनी टिपून घ्यावे.

माझी आपल्याला विनंती एवढीच, की मोटारविषयक पानावर नव्या गाड्यांच्या परीक्षणांसोबत अशा पाच-पन्नास रुपयांच्या भागांनाही अधूनमधून जागा द्यावी. जुनी गाडी वापरणारे वाचक आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यातले बहुतेक माझ्या मेव्हण्यांसारखेच निघण्यापूर्वी बाटलीकडे नजर टाकतात. गॅरेजचालकांनाही विनंती आहे, की बाटली बदलून दिल्यावर गाडी एकदा तापवून, थंड होऊ देऊन, पातळी परत खाली आलेली गिऱ्हाईकाला दाखवावी. त्यासाठी गाडी एक रात्र ठेवून घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे.

मेव्हण्यांच्या गाडीचे हेड घासून बसवले, वॉटरपंप बदलला आणि बाटलीत तळापर्यंत नळी मी स्वतः घातली. परवा ते महाबळेश्वरला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी मला दूरध्वनी करून खुणा सांगितल्या: सकाळची खालची, रात्रीची चार बोटे वर, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा खालची.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे